थोडा थोडा पारा, थोडं थोडं शिसं: पेशींचं आणि प्रतिकारशक्तीचं काय होतं?

प्रथिना

अकोल्याची बातमी बहुतेकांना आठवत असेल. 2023 च्या सुरुवातीची. एकाच घरातल्या तिघीजणी गोरेपणाचं क्रीम लावत होत्या, तिघींच्याही मूत्रपिंडाच्या गाळणीला सूज आली, आणि मुंबईच्या केईएममधल्या डॉक्टरांनी माग काढत काढत त्या क्रीममधला पारा शोधला. बातमी दोन दिवस व्हॉट्सॲपवर फिरली आणि विरली. केरळात कोट्टक्कलच्या डॉक्टरांनी मात्र असे रुग्ण नीट मोजून मांडले. जुलै 2021 ते सप्टेंबर 2023 या काळात मेम्ब्रेनस नेफ्रोपथीचे (मूत्रपिंडाच्या गाळणीच्या पडद्याच्या आजाराचे) 22 रुग्ण, त्यातले 15 नेल-1 या प्रथिनाशी जोडलेल्या प्रकाराचे, आणि त्या 15 पैकी 13 जण क्रीम लावणारे.

पेपरात आलं ते एवढंच, की पारा विषारी असतो आणि मूत्रपिंडं खराब करतो. पण या आजारात पारा स्वतः गाळणी जाळत नाही. शरीराचीच प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) गाळणीच्या पडद्यावर जाऊन साठतात, पडदा जाड होतो आणि गळायला लागतो, रक्तातलं अल्ब्युमिन लघवीवाटे वाहून जातं. लघवीला फेस, सकाळी डोळ्यांखाली सूज, संध्याकाळी घोट्यांवर. म्हणजे हा प्रतिकारशक्तीचा आजार आहे आणि तो सुरू केला चेहऱ्यावर चोळलेल्या धातूने.

मी वैद्यकीय महाविद्यालयात बायोकेमिस्ट्री शिकवायचे. जड धातू म्हटलं की अभ्यासक्रमात जपानमधली मिनामाताची पाऱ्याची विषबाधा, शिशाने हिरड्यांवर उमटणारी निळी रेघ, लुळं पडलेलं मनगट, असं सगळं ठळक ठळक. मुलं ते पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि विसरतात. ज्या मात्रेत माणूस आजारी दिसतच नाही, त्या मात्रेबद्दल कोणी विचारत नाही, म्हणून हा धागा.

पेशीला धातू लागतातच: कॅल्शियम, जस्त, लोह, तांबं. शिसं, कॅडमियम यांच्यासाठी पेशीने वेगळं दार ठेवलेलं नाही, ते या चौघांच्या दारातून घुसतात. आणि मग एसटीत दुसऱ्याने रुमाल टाकलेल्या जागेवर खुशाल बसावं तसं शिसं कॅल्शियमच्या जागेवर बसतं. प्रोटीन कायनेज सी नावाचं एक विकर (एन्झाइम) आहे, ते पेशीच्या आतले निरोप पुढे पाठवतं आणि कॅल्शियमच्या इशाऱ्यावर चालतं. शिशाच्या पायकोमोलर, म्हणजे अतिसूक्ष्म मात्रेनेही ते जागं होतं, हे 1988 मध्येच दाखवलं गेलंय. कॅल्शियम आलेलंच नाही, आणि पेशी समजते की आलं. हीमोग्लोबिनच्या साखळीतल्या अलाड या विकरातून शिसं जस्ताला हुसकावतं. कॅडमियम आणि आर्सेनिक डीएनएची डागडुजी करणाऱ्या प्रथिनांतलं जस्त बिघडवतात. पाऱ्याची ओढ गंधकाकडे आणि त्याहून जास्त सेलेनियमकडे. पेशीचं रक्षण करणाऱ्या ग्लुटाथायोनच्या गंधकाला पारा चिकटतो, सेलेनियमवर चालणारी विकरं बंद पाडतो, आणि पेशीचा ऑक्सिडेशनविरुद्धचा सगळा बंदोबस्त ढिला पडतो.

यात पेशी मरत नाही, एवढं लक्षात ठेवा. ती जगते, पण चुकीचे निरोप घेत-देत. प्रतिकारशक्ती तर निरोपांवरच चालते. टी पेशीला (प्रतिकार करणाऱ्या एका पांढऱ्या पेशीला) जागं करणारा पहिला इशाराच कॅल्शियमचा, आणि जस्ताशिवाय या पेशी घडवणाऱ्या थायमस ग्रंथीचं पान हलत नाही.

म्हणून परिणाम दोन्ही बाजूंना दिसतात. चीनमध्ये ग्वांगदोंग प्रांतात ग्वीयू नावाचं गाव ई-कचऱ्यासाठी कुप्रसिद्ध आहे. तिथल्या बालवाडीच्या वयाच्या मुलांच्या रक्तात शिसं जास्त, आणि हिपॅटायटिस बीच्या लसीने तयार होणारी प्रतिपिंडं कमी. बांगलादेशात मतलब नावाच्या भागातल्या अभ्यासात गरोदरपणी आर्सेनिकचं पाणी प्यायलेल्या आयांच्या बाळांना न्यूमोनिया आणि जुलाब जास्त झाले. ही झाली कमकुवत बाजू. उलट बाजूला शिसं टी पेशींचा तोल ॲलर्जीकडे झुकवतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय विषविज्ञान कार्यक्रमाने 2012 साली मुलांच्या रक्तात डेसिलिटरमागे 10 मायक्रोग्रॅमच्या खाली शिसं असतानाही आयजीई (ॲलर्जीशी जोडलेली प्रतिपिंडं) वाढण्याचा पुरावा नोंदवला, मात्र त्याला 'मर्यादित' असं म्हटलं. आणि अमेरिकेतल्याच प्रजननक्षम वयाच्या स्त्रियांच्या 2015 च्या अभ्यासात मिथाइल पाऱ्याचं प्रमाण जितकं जास्त, तितकी स्वतःच्या पेशींच्या केंद्रकाविरुद्धची प्रतिपिंडं आढळण्याची शक्यता जास्त. तेही सर्वसाधारणपणे सुरक्षित समजल्या जाणाऱ्या पातळीत. प्रतिपिंडं सापडणं म्हणजे आजार नव्हे, आणि संबंध दिसणं म्हणजे कारण नव्हे, हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर तिरकस येतीलच.

तेव्हा 'इम्युनिटी वाढवा' छापाच्या डब्यांकडे बघून मला हसू येतं. वाढवायची कोणती बाजू?

तिरकस

आलोच ताई. :) धागा उत्तम, वाचनखूण साठवली.

आता शंका. 'थोडं थोडं' म्हणजे किती? आमच्या लहानपणी पेट्रोलमध्ये शिसं, खिडक्यांच्या रंगात शिसं, थर्मामीटर फुटला की पारा तळहातावर घेऊन खेळायचो. आम्ही टुणटुणीत आहोत. मायक्रोग्रॅम-बिक्रोग्रॅम ऐकलं की मला वाटतं, यंत्रं जास्तच हुशार झाली, म्हणून जे पूर्वी दिसत नव्हतं ते दिसतंय.

प्रथिना

तिरकस, हिशोबच करू या. अमेरिकेच्या सीडीसीने (रोगनियंत्रण संस्थेने) मुलांसाठी रक्तातल्या शिशाची ठेवलेली रेघ 1991 मध्ये 10 मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर होती, 2012 ला 5 झाली आणि 2021 पासून 3.5 आहे. ही 'इथपर्यंत चालेल' अशी रेघ नाही, बाकीच्या मुलांपेक्षा कोणाच्या रक्तात जास्त आहे ते ओळखण्यापुरती आहे. रक्तातलं जवळपास सगळं शिसं तांबड्या पेशींत असतं. एका लिटरमध्ये सुमारे 5 लाख कोटी तांबड्या पेशी. शिशाचा अणुभार 207. भागाकार केला तर 3.5 पातळीला प्रत्येक तांबड्या पेशीच्या वाट्याला शिशाचे साधारण 20 हजार अणू येतात. ही अतिहुशार यंत्राने पकडलेली धूळ म्हणवत नाही.

तळहातावरच्या पाऱ्याबद्दल तुमचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. द्रव पारा कातडीतून किंवा आतड्यातून फारसा शोषला जात नाही. फरशीच्या फटीत राहिलेल्या थेंबांची वाफ छातीत जाते, ती शोषली जाते. क्रीममधले पाऱ्याचे क्षार कातडीतून जातात, आणि ते रोज चोळले जातात.

आणि टुणटुणीत आहोत हे मान्य, पण तुलना कोणाशी करणार? आपल्याकडे शिसंयुक्त पेट्रोल बंद झालं 2000 साली. आपल्या पिढीत बिनशिशाचं कोणी नव्हतंच.

एडिसनकर

इथे न्यू जर्सीत मुलांची शिशाची तपासणी पहिल्या आणि दुसऱ्या वर्षी करावीच लागते. आमच्या धाकटीची पातळी रेघेच्या वर आली. आरोग्य खात्याची बाई एक्सआरएफ गन (धातू ओळखणारं हातातलं यंत्र) घेऊन घरी. भिंती ठीक, नळ ठीक. मग तिने स्वयंपाकघरातले मसाले तपासले, तेही ठीक निघाले. शेवटी देव्हाऱ्याशी आली. आईने गावाहून पाठवलेली शेंदराची पुडी एका उघड्या वाटीत होती, मारुतीला शनिवारी लावायला. कन्या त्यात बोट बुडवायची आणि बोट तोंडात. यंत्र लावलं तर आकडा असा आला की बाईने दुसऱ्यांदा लावून बघितलं.

पुढे वाचन केलं तेव्हा कळलं की अस्सल शेंदूर हा शिशाचाच ऑक्साइड. 2017 मध्ये इथल्या रटगर्स विद्यापीठाच्या लोकांनी सिंदूराचे नमुने तपासले होते, 95 न्यू जर्सीतून आणि 23 मुंबई-दिल्लीतून घेतलेले. इथल्या 83 टक्के आणि तिथल्या 78 टक्के नमुन्यांत ग्रॅममागे 1 मायक्रोग्रॅम किंवा जास्त शिसं. तीन नमुन्यांत तर वजनाच्या तीस टक्क्यांहून अधिक.

वाटी हलवली, पोरीचा आकडा हळूहळू उतरला. आईला फोनवर सांगताना मात्र घाम फुटला. 'देवाचं कधी बाधत नाही' यावर काय बोलणार.

चिंचेचं_बुटुक

बापरे. आमच्याकडे गावच्या म्हसोबाला दर अमावास्येला शेंदूर असतो, लावणाऱ्याचे हात कोपरापर्यंत माखलेले. आणि त्याच हातांनी प्रसाद.

हळदीतल्या भेसळीचंही कोणीतरी लिहा ना.

प्रथिना

एडिसनकर, फार उपयोगी प्रतिसाद. आईंना सांगा, देवाला बाधत नाही, नातीला बाधतं. मूर्तीला लावायचा तो लावा, हात साबणाने धुवा आणि डबी झाकणाची, उंचावर.

चिंचे, हळकुंडांना पिवळी झळाळी यायला लेड क्रोमेट चोळतात. बांगलादेशात 2019 मध्ये बाजारातल्या 47 टक्के नमुन्यांत ते सापडलं होतं. सरकारने घाऊक बाजारात धाडी टाकल्या, दंड केले, टीव्हीवर सांगितलं, आणि 2021 पर्यंत ते प्रमाण शून्यावर आलं. मला या सगळ्या विषयात मनापासून आनंद देणारी ही एकच गोष्ट सापडली आहे. सांगली-वसमतकडचे कोणी व्यापारी इथे असतील तर त्यांनी लिहावं. ग्राहकाने अतिपिवळ्या, गुळगुळीत हळकुंडांच्या मोहात पडू नये, एवढं मी सांगू शकते.

वैद्यबुवा

धागा क्रीमवरून निघून रसशास्त्रावर (आयुर्वेदातल्या पारा-धातूंच्या औषधांवर) येणार हे दिसतच होतं, म्हणून आधीच लिहितो. रससिंदूर म्हणजे पारा आणि गंधक यांचं संयुग, ते पाण्यात जवळपास विरघळत नाही. शोधन (शुद्धीकरण), मारण (भस्म करणं) या प्रक्रियांना अर्थ आहे. परवानाधारक औषधात विषारी घटक असतील तर ते औषध नियमांच्या अनुसूची ई-1 मध्ये येतात आणि वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे असं छापावं लागतं. नाग भस्म (शिशाचं भस्म) कोणी चहाबरोबर घेत असेल तर दोष शास्त्राचा की त्याचा?

माझ्याकडे येणारे रोगी जत्रेतून आणलेल्या गोळ्या दाखवतात. कुरियरने मागवलेल्या, लेबल नसलेल्या. 'साखर उतरते' म्हणतात. काय आहे त्यात, देवालाही माहीत नसेल.

प्रथिना

वैद्यबुवा, आदर राखून लिहिते. पाऱ्याचं सल्फाइड फार कमी शोषलं जातं हे रसायनशास्त्र म्हणून बरोबर आहे. पण रुग्णाच्या हातात येते ती गोळी, ग्रंथ नव्हे. बॉस्टनच्या दुकानांतली 70 आयुर्वेदिक उत्पादनं तपासली, त्यातल्या 14 मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं, हे 2004 चं. 2008 मध्ये इंटरनेटवरून मागवलेली 193 तपासली, तेव्हाही प्रमाण पाचात एकच. आणि वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने 2022 मध्ये नेल-1 प्रकारच्या रुग्णांत पारंपरिक औषधं घेणारे बरेच असल्याचं आणि त्या औषधांत पारा असल्याचं दाखवलं. म्हणजे केरळच्या क्रीमचा आणि त्या गोळ्यांचा शेवट मूत्रपिंडात एकाच ठिकाणी झाला. 'कमी शोषलं जातं' याने टी पेशीचं समाधान होत नाही.

जत्रेतल्या गोळ्यांबद्दल तुम्ही लिहिलंत ते मोलाचं. तुमच्यासारख्यांनी ते सांगितलं तर लोक ऐकतील. मी सांगितलं तर म्हणतील, ॲलोपॅथीवाली बाई.

वैद्यबुवा

ॲलोपॅथीवाली आहातच. :) पण माझ्याकडच्या भस्मांच्या रोग्यांची लघवीतली प्रथिनं मी यापुढे तपासून घेत जाईन. तेवढं मान्य.

खारवी

आमच्या ताटात रोज मासे. पारा माशांत असतो म्हणून सुनेला डॉक्टरीणबाईंनी घाबरवून सोडलंय, सातवा चालू आहे. मासे बंद करून तिला काय घालू, सोयाबीन?

प्रथिना

खारवीदादा, मासे बंद करू नका. पारा माशाच्या अंगात अन्नसाखळीने चढतो, लहानाला मोठा खातो तसतसा वाढत जातो. म्हणून मुशी, तलवार मासा, मोठा ट्यूना ही मंडळी बाळंतपण होऊन बाळाचं अंगावरचं दूध सुटेपर्यंत लांब ठेवा. तारली, मांदेली, बांगडा, कोळंबी खुशाल खाऊ दे. त्यातून बाळाच्या मेंदूला लागणारी स्निग्धाम्लं आणि सेलेनियम मिळतं. मिथाइल पारा रक्तातून निम्मा व्हायला साधारण 50 दिवस लागतात, तेव्हा आतापासून पथ्य पाळलं तरी उपयोग होतो.

काळी_माती

अवांतर वाटेल, पण खोटे दागिने आणि जीन्सचं बटण यांनी मला पोटावर चट्टे उठतात. त्वचारोगतज्ज्ञ म्हणाले निकेल. तेही यातच येतं का?

प्रथिना

अवांतर कसलं, हे तर सगळ्यात स्वच्छ उदाहरण. घामाने निकेलचे आयन सुटतात आणि माणसाच्या टीएलआर-4 या ग्राहीला (पेशीवरच्या रिसेप्टरला) थेट चिकटतात. ही ग्राही मुळात जंतूंच्या भिंतीचे तुकडे ओळखण्यासाठी आहे. निकेल चिकटलं की पेशीला वाटतं जंतू आले, आणि सूज सुरू. उंदराच्या त्याच ग्राहीत हिस्टिडीन या अमिनो आम्लाचे ते दोन रेणू नसतात, म्हणून उंदराला निकेलचा असा त्रास होत नाही. हे 2010 चं संशोधन, वर्गात सांगितलं की मागच्या बाकावरचेही माना वर करायचे. तुम्ही बटणाच्या आतून कापड शिवा आणि कानात टायटॅनियम घाला.

गवंड्यांच्या हातांना पडणाऱ्या भेगांतही सिमेंटमधल्या क्रोमियमची ॲलर्जी बऱ्याचदा असते.

तिरकस

बरं, हार मानली. आता उपाय सांगा. कोथिंबिरीचा रस, कोळशाच्या गोळ्या, पायातून विष खेचणाऱ्या पट्ट्या. आमच्या मेव्हण्याने 'हेवी मेटल डिटॉक्स'चं पॅकेज घेतलंय, ड्रिप लावून. केसांचा रिपोर्टही आणलाय, त्यात अर्धी आवर्तसारणीच लाल रंगात.

प्रथिना

मेव्हण्यांना सांगा, ड्रिप थांबवा. धातू बांधून बाहेर काढणारी औषधं खरी आहेत, पण मुलांमध्ये ती शिसं 45 च्या वर गेल्यावर द्यायची. 20 ते 44 पातळीच्या मुलांना सक्सिमर हे असंच औषध देऊन अमेरिकेत मोठी चाचणी झाली, निकाल 2001 मध्ये आला. रक्तातलं शिसं उतरलं, बुद्धीच्या चाचण्यांत फरक पडला नाही. शिवाय ही औषधं कॅल्शियम, जस्तही ओढून नेतात. 2005 मध्ये अमेरिकेत ईडीटीए या अशाच औषधाचा चुकीचा प्रकार दिल्याने कॅल्शियम कोसळून मुलं दगावली आहेत.

हाडांतलं शिसं निम्मं व्हायला दशकं लागतात, मूत्रपिंडातल्या कॅडमियमचंही तेच. त्यावर कोथिंबीर काय करणार! चटणीत घाला. कॅडमियमवरून आठवलं, सिगारेट ओढणाऱ्याच्या शरीरात ते न ओढणाऱ्याच्या सुमारे दुप्पट असतं. मेव्हणे ओढत असतील तर पॅकेज घेण्याआधी तिथे बघा.

एक उपाय मात्र खरा आणि स्वस्त आहे. लोह कमी असलं की आतडं लोहाचं दार सताड उघडतं, आणि त्याच दारातून शिसं आणि कॅडमियम आत येतं. मुळात लहान मूल गिळलेल्या शिशातलं 40-50 टक्के शोषतं, मोठा माणूस दहाएक. आपल्याकडे पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालची 67 टक्के मुलं ॲनिमियाची निघाली. पोराचं हीमोग्लोबिन दुरुस्त करणं हे आपल्या देशातलं शिशावरचं पहिलं औषध आहे, असं माझं ठाम मत.

मोगरा_ब्युटी

मी इथे फक्त वाचते, आज लिहितेय. माझं तालुक्याच्या गावी छोटं पार्लर आहे. पांढऱ्या डबीतलं क्रीम एक माणूस आणून देतो, वर नुसतं गुलाबाचं चित्र. बायका नाव सांगत नाहीत, 'तेच द्या' म्हणतात, लग्न ठरलेल्या मुली तर जास्तच. पंधरवड्यात फरक दिसतो, खोटं कशाला बोलू. बंद केलं की पहिल्यापेक्षा काळवंडतात आणि परत येतात. ओळखायचं कसं? आणि माझ्याकडे उरलेल्या डब्यांचं काय करू? मीही लावत होते.

प्रथिना

मोगराताई, लिहिलंत हे फार चांगलं केलंत.

त्वचेचा रंग मेलॅनिनमुळे, आणि मेलॅनिन बनवणाऱ्या टायरोसिनेज विकरात तांबं असतं. पारा ते तांबं हुसकावून स्वतः बसतो. रंग बनणं थांबतं, म्हणून इतक्या लवकर फरक. बंद केलं की कारखाना पुन्हा सुरू. डोळ्यांनी बघून पारा ओळखता येत नाही, पण उत्पादकाचा पत्ता नाही, परवाना क्रमांक नाही, घटकांची यादी नाही, एवढं पुरेसं आहे. यादी असलीच तर मर्क्युरस, मर्क्युरिक, कॅलोमेल, अमोनिएटेड मर्क्युरी ही नावं शोधा. 'सोन्याचांदीच्या दागिन्यांना लागू देऊ नये' अशी सूचना असेल तर तीही खूणच. आपल्या नियमांत क्रीममध्ये नकळत राहिलेला पाराही दशलक्षात एक भागाच्या वर चालत नाही.

तुमच्यासाठी आधी लघवीची साधी तपासणी, प्रथिनं जातात का ते बघायला. कुठल्याही लॅबमध्ये होते. प्रथिनं आली तर मूत्रपिंडाच्या डॉक्टरांकडे जा आणि क्रीमची डबी सोबत न्या, सांगायला लाजू नका. पाऱ्यासाठी लघवीतला पारा मोजतात, केसांची तपासणी नको. केरळमधल्या बहुतेक रुग्णांचा आजार क्रीम बंद केल्यावर आटोक्यात आला.

ज्या मुलींना दिलंत त्यांना फोन करा. आधी त्यांना, ज्या सध्या गरोदर असतील.

मोगरा_ब्युटी

करते. वही आहे माझ्याकडे, नावं आहेत. डब्यांचं सांगा ना.

प्रथिना

बेसिनमध्ये धुऊ नका, जाळू तर अजिबात नका, वाफ होईल. झाकण घट्ट लावून दोन पिशव्यांत बांधा, वर 'पारा' असं लिहा आणि नगरपालिकेच्या घरगुती घातक कचऱ्यात द्या. ते घेत नसतील तर अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात कळवा, नमुना म्हणून एक डबी त्यांना हवीच असेल. आणि पार्लरमधले टॉवेल, घरच्या उशांचे अभ्रे यांचंही बघा. कॅलिफोर्नियात 2010 मध्ये अशाच एका क्रीमचा तपास झाला, तेव्हा क्रीम कधीच न लावलेल्या घरच्या माणसांच्या, लहान मुलांच्याही लघवीत पारा सापडला होता.

मोगरा_ब्युटी

ताई, माझी मुलगी माझ्याच उशीवर झोपते. तिचीही लघवी तपासू का?

प्रथिना

हो, उद्याच. दोघींची एकदम द्या, आणि रिपोर्ट आले की मला व्यक्तिगत निरोप करा.